मोगरी

शेठनं मला जपानला धाडलं पंधरा दिवस,
नवे माग शिकून ये म्हणून.
शेवटच्या रविवारी तिथला हेडफिटर म्हणाला,
चल, आमच्या गावात आज गाडे निघतात.
गावाचं नाव अजून जिभेवर बसत नाही.

परत आलो तर अक्कलकोट रोडवर त्रेचाळीस डिग्री.
अम्मा उंबऱ्यात, मांडीवर सूप,
कात्रीनं विडीची पानं कापत बसलेली.
"सांग की," म्हणाली,
"हात गुंतलेत, कान रिकामे आहेत."

सांगितलं.
झाडांना पान एकही नव्हतं, नुसती फुलं.
आपल्या गुलाबी टॉवेलला तिसऱ्या धुण्यात येतो
तो रंग.
लाकडी पूल, खाली नदी,
पाणी असं की बघूनच दात शिवशिवले.
आणि गाडे अकरा, एकेक दुमजली घराएवढा,
काळी लाख, वर सोन्याचा वर्ख,
मागच्या अंगाला रेशमी पडदा, त्यात उसळणारा मासा विणलेला.
वारा आला तशी मी पडद्याची उलटी बाजू पाहून घेतली.
"आणि?"
एक गाठ दिसली नाही, अम्मा.
"हं."
तिच्या माहेरी हातमाग होता.

दुपारी चार थेंब पडले
तर सगळे गाडे पळत घरी.
प्रत्येकाला स्वतःची उंच खोली, दाराला दोन माणूस उंचीचे फळे.
"पावसाला भिणारा देव?" अम्मा हसली.
देव नाही भीत, म्हटलं, लाख भिते.

त्याआधी बाहुलं नाचलं.
गाड्याच्या माथ्यावर, हातभर उंचीचं.
चालत पुढं आलं, मान वळवली,
पेटीत वाकून बघितलं आणि वर आलं
ते सिंहाचं तोंड घेऊन.
पुलावरच्या सगळ्यांचा श्वास एकदम आत गेला.
छत्तीस दोऱ्या, हेडफिटर म्हणाला.
नऊ माणसं पडद्याआड बसून ओढतात.

अम्माची कात्री थांबली.
"आतल्यांना जत्रा दिसते का रे?"

हे मी विचारलं नव्हतं.

नायना श्रावणात रथाला मोगरी द्यायचे.
बावीस वर्षं.
रथ वळणावर आला की चाकाखाली लाकूड सरकवायचं,
नेमक्या वेळी काढायचं, बोटं सांभाळून.
एका वर्षी नाही सांभाळली,
तेव्हापासून उजव्या हाताला चारच.
लहानपणी मी विचारलं होतं,
यंदा देवाला कुठल्या रंगाचं वस्त्र होतं?
म्हणाले, डाव्या चाकाला चीर गेलीय,
पुढच्या वर्षाआधी बघायला पाहिजे.

मग अम्माला ते सांगितलं
जे सांगू की नको करत होतो.
पुलापाशी गाडा वळताना सगळे वर बघत होते,
मी खाली वाकलो.
दोन चाकांच्या मधे एक म्हातारा,
निळा सदरा, कपाळाला पंचा,
हातात लाकडाचा ठोकळा.
चाक त्यावर चढलं.
लाकडावर लाकूड, जड, ओलं,
पोटातून निघालेलं कण्हणं.
पंधरा दिवसांत त्यांच्या भाषेतला एक शब्द धड कळला नाही,
हा आवाज कळला.
म्हातारा माझ्याकडं बघून काहीतरी बोलला,
बहुतेक "बाजूला हो".
मी त्याच्या करंगळ्या मोजल्या.
दोन्ही होत्या.

"चांगलं झालं," अम्मा म्हणाली,
बराच वेळ थांबून.
बाहेर कुणाच्या तरी मागाची खटखट बंद पडली,
वीज गेली असणार.
तिनं पंचवीस मोजल्या, जुडी बांधली,
दोरा दातानं तोडला.
"पुढच्या खेपेला आतल्यांना विचारून ये."

पुढच्या खेपेला म्हणे.
शेठ बसलाय धाडायला.